मिठाची हाक

कोल्ड क्रीक स्टेशन, व्हिक्टोरिया
२१ नोव्हेंबर १९८२

मार्सेलिनबाय,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायला निघाली असशील तर थांब. आठ वर्षं मी तुला लिहिलं नाही, अजून आठ लिहिलं नसतं. मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. पण मला भीती वाटते गं, आणि भीती मला इंग्रजीत सांगता येत नाही. लिलियनला फोनवर सांगायला गेले तर म्हणते, "मम, यू वरी टू मच." ती मेलबर्नला युनिव्हर्सिटीत आहे. तिथे ट्रॅम आहेत, दिवे आहेत, माणसं आहेत. तिचं काय जातंय बोलायला!

आम्ही शहर सोडलं हे तुला कोणी ना कोणी सांगितलं असेलच. डँडेनाँगच्या कारखान्यातून नॉर्बर्टला कमी केलं. मग त्याने पेपरात जाहिरात वाचली आणि मला इथे डोंगरात घेऊन आला. गुरांच्या मोठ्या जागेला इथे स्टेशन म्हणतात. मला वाटलं, स्टेशन आहे म्हणजे निदान गाडी तरी येत असेल. कसली गाडी नि कसलं काय! फाटकापासून घरापर्यंतच मोटारीने जावं लागतं. शेजारी म्हणजे टेकडीपलीकडचा धूर. नॉर्बर्ट पंप, ट्रॅक्टर आणि कुंपणं बघतो, मी घर बघते. गुरांचं सगळं रेग बघतो. रेग म्हणजे जन्मभर ह्याच डोंगरात घोड्यावर बसलेला म्हातारा. आपण पाच वाक्यं बोललो की हा एकदा बोलतो, तेसुद्धा कुत्र्याशी.

पहिल्या हिवाळ्यात काळोख पडला की रानातून कोणीतरी भोंगा वाजवल्यासारखं ओरडायचं. मी जपमाळ घेऊन पलंगावर बसून राहायची. रेग इथल्या रीतीने कुठल्याही बाईला लव म्हणतो. म्हणाला, "सांबर आहे, लव. तुझ्याच देशातून आणलंय." म्हटलं, असेल बाबा, पण आमच्या वाडीत येऊन कधी ओरडलं नव्हतं.

आता भीतीचं खरं कारण ऐक. म्हातारा मालक वारला आणि मुलांनी जागा विकायला काढली आहे. फाटकावर पाटी लागली: डोंगर, नदी, गुरांसकट, शिकारीला, मासेमारीला आणि मौजेला रान. क्लाइव्ह नावाचा एजंट दर आठवड्याला मोटारी भरून माणसं आणतो. ती माणसं बूट वाजवत माझ्या स्वयंपाकघरात फिरतात आणि मी तिथे नाहीच अशी बोलतात. जागा विकली जाईपर्यंत आम्हाला राहायचंय आणि पुढच्या महिन्यात गुरं उन्हाळ्यासाठी (इथे तो नाताळात येतो) वरच्या पठारावर न्यायची आहेत. रेगचा गुडघा गेलाय. म्हणजे बरोबर नॉर्बर्ट जाणार. अगं, वसईत सायकलवरून पडायचा तो माणूस! त्रेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकलाय.

आणि तुझे शब्द माझ्या कानातून जात नाहीत. सांताक्रूझच्या विमानतळावर, सगळ्या सोयऱ्यांसमोर तू म्हणालीस, "जा. तिकडच्याच मातीत जाईल तुझा नवरा, आणि तू एकटी रडत परत येशील." का, तर त्याने तुझ्या रुडॉल्फच्या बेकरीतली नोकरी नाकारली म्हणून. बाय, पावाच्या भट्टीवरून कोणी असं बोलतं का? शहरात होते तोवर मी हसण्यावारी नेलं. पण इथे वारा सुटला की तेच ऐकू येतं. मोठ्या बहिणीचं तोंड आईच्या जागी असतं. तू ते शब्द मागे घे. एक ओळ लिही, बाकी काही नको.

जाऊ दे. थोडं हसवते तुला. इथे गुरांना मीठ घालतात. ओंडक्यांवर जाडं मीठ पसरायचं आणि "सॉऽऽल्ट" अशी हाक मारायची, की डोंगरभरची गुरं धावत येतात. रेगच्या गुडघ्यामुळे दोन हिवाळे ते काम माझ्याकडे आलं. माझ्याच्याने ते सॉल्ट ओरडवेना, आवाज नाकातच राहायचा. म्हणून एक दिवस मी आपली ती मीठवाली आठवली. टोपली घेऊन वाडीत यायची ना, आणि तू खिडकीत उभी राहून तिची नक्कल करायचीस? तसंच ओरडले, "मीऽऽठ घ्या मीऽऽठ!" अगं, सगळी आली! सगळ्यांत पुढे एक म्हातारी तांबडी गाय, पांढऱ्या तोंडाची, गळ्यात घंटा. थेट आपल्या फिलोमेना आत्याचं तोंड, तीच नाक मुरडायची सवय. मी तिला आत्याबाईच म्हणते. ती निघाली की बाकीची मुकाट्याने मागे.

परवा क्लाइव्हने गिऱ्हाइकांसमोर रेगला म्हटलं, बोलाव गुरं. रेगने हाक दिली. एकही गाय हलेना. पुन्हा दिली. आत्याबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. शेवटी मी पडवीतून ओरडले, आणि कळप असा आला की गिऱ्हाइकं मोटारीत जाऊन बसली. क्लाइव्ह लालबुंद. म्हणे, "गुरं जागेबरोबर विकतोय, बाईंना नाही." नॉर्बर्ट घरी येऊन म्हणाला, "लूसी, तू लोकांची गुरं मराठी करून ठेवलीस." रेग मात्र पोट धरून हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

एक ओळ लिही.

लूसी


११ जानेवारी १९८३

मार्सेलिनबाय,

पत्र नाही. बरं.

पाऊस नाही. क्रीक म्हणजे आपला ओहोळ, त्यात आता दगडच आहेत. गवत पायाखाली मोडतं. संध्याकाळी कोरड्या विजा होतात, पाण्याचा थेंब नाही, नुसता कडकडाट, आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी दूर धुराची रेघ दिसते. नॉर्बर्ट म्हणतो, लांब आहे. इथली माणसं सगळं लांबच आहे म्हणतात आणि हाही त्यांच्यातलाच झालाय. "नो वरीज" म्हणायला लागलाय. मी त्याला सांगितलं, घरात हे दोन शब्द पुन्हा काढलेस तर जेवायला मिळणार नाही.

गुरं नाताळाच्या आधी वर गेली. तेव्हा रेग बरोबर होता आणि दोघं सुखरूप उतरले. पण गेल्या आठवड्यात रेगचा घोडा घसरला. कंबर मोडली, तो गावच्या इस्पितळात आहे. आणि काल क्लाइव्हचा फोन आला. एका कंपनीला जागा पसंत पडली आहे. त्यांना गुरं नकोत. शहरातल्या लोकांसाठी लाकडी झोपड्या बांधणार, मासे पकडायला, घोड्यावर फिरायला, सांबरं मारायला. म्हणून मालकांना गुरं महिनाअखेर खाली हवीत, वेगळी विकायला.

आता आणणार कोण? तुझा मेहुणा.

मी खूप भांडले. म्हटलं, विकणाऱ्यांनी स्वतः जाऊन आणावीत. तो म्हणाला, "नोकरी आहे लूसी, आणि वर राहिली तर जळतील बिचारी." म्हटलं, मग मला ने, माझ्या हाकेला येतात ती. म्हणाला, "घोड्यावर बसशील?" मी घोड्याकडे बघितलं, घोड्याने माझ्याकडे. शिवाय फोनपाशी कोणीतरी हवंच. आता तो न्हाणीघरात कोंडून घेऊन "मीऽऽठ" म्हणायची तालीम करतो. वासरू अडकल्यासारखा आवाज येतो. मी दाराबाहेर हसते, आणि हसता हसता हुंदका येतो.

बाय, मला तुझ्याशी मानापमान करायचा नाही. तू जिंकलीस. नॉर्बर्टने बेकरीत यायला हवं होतं, हवं तर असं लिहून देते. पण ते शब्द मागे घे. तू मागे घेतल्याशिवाय मी त्याला डोंगरावर पाठवते आहे, आणि माझं काळीज ठिकाणावर नाही.

लूसी


२९ जानेवारी

बाय,

नॉर्बर्ट वर गेला. परत यायचा दिवस उलटून गेला.

सकाळपासून वारा उत्तरेचा आहे, भट्टीचं दार उघडल्यासारखा. डोंगराच्या माथ्यामागे धूर उभा आहे. आधी पांढरा होता, आता खालून तपकिरी दिसतो. सूर्य तांबडा झालाय, बघता येतं त्याच्याकडे. कोंबड्या दुपारीच झोपायला गेल्या.

आगीच्या बंबावरचा माणूस येऊन गेला. म्हणाला, "मिसेस, गो नाऊ. रस्ता अजून उघडा आहे." म्हटलं, माझा नवरा वर आहे. त्याने डोंगराकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मी ओरडले त्याच्यावर. "टोपी घाल! घाल आधी!" बिचाऱ्याने घातली. म्हणाला, वर कोणाला पाठवता येणार नाही आता.

लिलियनचा फोन आला. रडत होती. "मम, प्लीज, जस्ट गेट इन द कार." तिला म्हटलं, तुझ्या बापाला घेऊन निघते. मग फोन बंद पडला.

मोटार घराकडे पाठ करून उभी केली आहे, किल्ली आतच. घोंगड्या भिजवल्या. आपल्या वसईच्या रमेदी देवळातल्या मारिया माउलीची तसबीर पोटाशी, कपड्याच्या आत ठेवली. हे पत्र का लिहिते आहे ते मला माहीत नाही. हात थांबला तर मी पळून जाईन म्हणून.

धूर अंगणात आला. कुंपण दिसत नाही


६ फेब्रुवारी १९८३

मार्सेलिनबाय,

आधी हे वाच: नॉर्बर्ट जिवंत आहे. आता सावकाश बस आणि पुढचं वाच.

मागचा कागद तसाच आत घातला आहे. त्यानंतर काय झालं ते सांगते.

धूर इतका झाला की पडवीतून माझाच हात मला धड दिसेना. वरून आवाज यायला लागला, आगगाडी येतेय आणि येतच नाहीये असा. मला वाटलं, झालं. मार्सेलिनचं बोलणं खरं झालं. तुला सांगते बाय, त्या वेळी तू समोर असतीस तर मी तुझे केस उपटले असते. आणि मग तुझ्याच गळ्यात पडले असते.

आणि धुरात कुठेतरी एक गाय हंबरली. खूप लांब होती, पण हंबरलीच. म्हणजे गुरं उतरत होती, नुसती वाट चुकली होती. गुरं उतरत होती तर त्यांच्यामागे नॉर्बर्ट असणार. मी ओलं फडकं तोंडाला गुंडाळलं, मिठाचा डबा घेतला आणि ओंडक्यांपाशी गेले. फडकं बांधून ओरडता येईना, म्हणून काढून फेकलं. डबा काठीने बडवायला लागले आणि हाक मारायला लागले. "मीऽऽठ घ्या मीऽऽठ!" जगाला आग लागली आहे आणि ही बाई मीठ विकते आहे. घसा सोलून निघाला. तोंडात राख यायची, थुंकायची आणि पुन्हा ओरडायची. मधल्या श्वासात माउलीशी बोलत होते. नवस बोलले. म्हटलं, माउली, जी गाय त्याला खाली आणील तिला मी कसायाच्या हाती जाऊ देणार नाही. माझ्या आईची शपथ.

पहिली गाय आली तेव्हा मी किंचाळले. मग दुसरी, मग घोळकाच. केस करपलेले, डोळे पांढरे. माझ्या अंगावरून, डब्यावरून, सगळं मीठ उधळत गेल्या. मग नॉर्बर्टचा घोडा आला. खोगीर रिकामं.

त्या क्षणाचं मी लिहीत नाही. तुला कळेल.

मी हाक थांबवली नाही एवढंच. आवाज कधीच गेला होता, नुसती हवा निघत होती, तरी डबा बडवत होते. आणि मग घंटा ऐकू आली. टण, टण, सावकाश, आत्याबाई लग्नाला निघावी तशी. धुरातून तिचं पांढरं तोंड दिसलं, आणि मागे तिचं शेपूट दोन्ही हातांनी धरलेला नॉर्बर्ट. डोळे सुजून मिटलेले, भुवया गेलेल्या. मी त्याला हात लावला तर म्हणतो, "कोण आहे?" म्हटलं, मीठवाली.

त्याला मोटारीत कोंबलं आणि क्रीकच्या दगडांतून खालच्या मोकळ्या कुरणात नेलं. तिथे गवत गुरांनी खाऊन पार मातीला लागलं होतं. ओल्या घोंगड्यांखाली आम्ही बसलो. संध्याकाळी वारा फिरला. घर वाचलं, वरचं रान सगळं काळं झालं.

डॉक्टर म्हणतो डोळे जातील असं नाही, येतील सुधारून. नॉर्बर्ट म्हणाला, ओढ्याच्या वळणावर घोड्याने त्याला पाडलं आणि त्याला दिशाच कळेना. तो वर चढत होता, बाय. आगीकडेच. आत्याबाई त्याच्यापुढे होती. ती एकदम वळली आणि उलट निघाली. त्याला माझी हाक ऐकूच आली नव्हती, तिला आली. त्याने घंटा ऐकली आणि शेपूट धरलं.

आणि आता मला पुन्हा भीती वाटते आहे. कंपनीने जागा घेतली, जळलेली म्हणून स्वस्तात. गुरं सगळी विकली. मग आम्हीही परत मेलबर्नला. एप्रिलमध्ये ट्रक येणार. त्यातली म्हातारी सरळ कत्तलखान्यात जाणार, आणि आत्याबाई सगळ्यांत म्हातारी. क्लाइव्हला म्हटलं, ही एक मला दे. म्हणाला, सही झाली आहे लव, शिवाय मेलबर्नच्या फ्लॅटमध्ये कुठे बांधणार? नॉर्बर्ट नवसबिवस मानत नाही, म्हणून त्याला सांगितलेलं नाही. पण माउलीने आपला शब्द पाळला आणि मी मोडला, तर ती दिलेलं परत घेईल. तो खोकला की मी भिंतीला धरून उभी राहते. काय करू सांग.

लूसी


१७ एप्रिल १९८३
मेलबर्न

मार्सेलिनबाय,

तुझं पत्र मिळालं. आठ वर्षांनी चार ओळी, त्यातल्या दोन शिव्या! पण किती वेळा वाचलं म्हणून सांगू. "वेडे, रागाच्या शब्दाला शाप म्हणतात का? तरी मागे घेतले. त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा दिली, रुडॉल्फने सगळ्या वाडीला पाव वाटले. नवस बोललीस ना, मग फेड. कसा ते मला विचारू नको, तोंड आहे ना तुला एवढं." बाय, ते वाचून मी भांड्यांपाशी बसून रडले, आणि मग ठरवलं.

गुरं जळल्या रानाच्या कडेला विखुरली होती, कोवळे कोंब खात. ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळी नॉर्बर्ट काठी टेकत बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आत्याबाईची घंटा होती. त्याने ती टेबलावर ठेवली, आतल्या लोलकाला फडकं बांधलेलं. म्हणाला, "हिच्या गळ्यात वाजत राहिली तर ती सापडेल." मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, "त्या दिवशी घोंगड्यांखाली तू माउलीशी तोच नवस पुन्हा पुन्हा पुटपुटत होतीस. डोळे मिटले होते माझे, कान नव्हते." इतके दिवस मनात ठेवून होता, मेला.

सकाळी ट्रक आले. क्लाइव्ह पडवीत आला. अगदी गोड बोलला, "कॉल देम डाउन फॉर अस, लव. तुझी ती स्पेशल हाक." मी ओरडले असते तर सगळी आली असती आणि आत्याबाई सगळ्यांत पुढे, थेट ट्रकच्या फळीवर. मीठ मिळणार म्हणून.

मी तोंड उघडलं नाही. तू लहानपणापासून सांगत आलीस ना, लूसी, तोंड आवर? आवरलं. नॉर्बर्ट मागून म्हणाला, "शी'ज लॉस्ट हर व्हॉइस, मेट. स्मोक." क्लाइव्हने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, घशावर हात ठेवला. मग त्यांनी मोटारसायकली आणि कुत्रे सोडले. दिवसभर धावपळ. बाकीची सापडली, भरली. त्यांचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण माझा नवस एकीपुरता होता आणि माझी हिंमतही एकीपुरतीच. आत्याबाई चार-पाच कालवडी घेऊन काळ्या झाडांत शिरली ती दिसलीच नाही. क्लाइव्ह म्हणाला, एका म्हातारीसाठी माणसं कोण थांबवणार. सोडून दिली. आता ते रान मौजेचं आहे, मग तिनेही करावी मौज.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. रेग काठ्या घेऊन फाटकापर्यंत आला होता. फाटकापाशी नॉर्बर्टने मोटार थांबवली. समोर डोंगर, झाडांच्या बुंध्यांना हिरवी पालवी फुटलेली, कुठे काही हलत नव्हतं. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा हाक मारावी. ती जगली आहे का तेवढं कळेल. मी काच खाली केली. श्वाससुद्धा भरून घेतला. रेग माझ्याकडे बघत होता, नॉर्बर्टही.

नाताळला आम्ही वसईला येतोय. तू खिडकीत उभी राहून ती नक्कल कर, मी वाडीच्या तोंडाशी ऐकेन आणि धावत येईन. पण त्या दिवशी मी काच पुन्हा वर केली. हाक मारली असती तर ती आली असती, बाय. म्हणूनच नाही मारली.

तुझी
लूसी